एकाच जाजमावर

मैत्रिणींनो,

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा संक्रांत तोंडावर आलेली असेल. मी हे लिहिते आहे ते मात्र डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. शाळांना नाताळची सुट्टी आहे, त्यामुळे मुलंबाळं असलेल्या कार्यकर्त्या रजेवर आहेत. कुणी माहेरी, कुणी कोकणात, कुणी नवऱ्याच्या गावी यात्रेला. कार्यालयात मी, हिशेब बघणाऱ्या ताई आणि चहाचा थर्मास एवढेच उरलोय. संपादकीय लिहायची पाळी माझी होती. विषय ठरला होता तो वेगळाच. पण चार दिवस कागद पुढे घेऊन बसले तरी तो विषय काही उमटेना. मनात जे घोळत होतं तेच शेवटी लिहायला घेतलं. ते थोडं घरगुती आहे, पण आपल्या चळवळीनंच आपल्याला शिकवलंय की घरगुती म्हणून बाजूला टाकावं असं काही नसतं.

सल्ला केंद्रात काम करणाऱ्या बाईला वर्षाचं एक वेगळंच पंचांग पाठ असतं. सण जवळ आला की केंद्रातली गर्दी ओसरते. 'एवढी दिवाळी होऊ दे ताई, मग बघू', 'संक्रांतीला पोरीचं बोरन्हाण आहे, त्यानंतर अर्ज करू' असं सांगून बायका तारीख पुढे ढकलतात. सण सरला की पायऱ्यांवर पुन्हा चपला दिसू लागतात. सुरुवातीच्या काळात मला याचा राग यायचा. मार खाणारी बाई करंज्या तळायला घरी परत जाते म्हणजे काय, असं वाटायचं. आता इतक्या वर्षांनंतर कळतं, की ती करंज्यांसाठी जात नाही. चार माणसं एका ताटाभोवती बसली आहेत, पोरं नव्या कपड्यांत नाचताहेत, कुणीतरी हाक मारतंय, एवढ्यासाठी ती जाते. हे एवढं मागणं काही मोठं नाही. पण त्याच्यासाठी तिला जी किंमत मोजावी लागते ती मोठी असते.

आणि खरं सांगायचं तर हे मागणं तिचं एकटीचं नाही, माझंही आहे. थंडी पडली, बाजारात हरभऱ्याच्या गड्ड्या, पावटा, गाजरं आणि बोरं दिसायला लागली की माझ्या पोटात काहीतरी हलतं. सांगलीजवळच्या आमच्या गावात भोगीच्या दिवशी पहाटेच आई चुलीपुढे बसलेली असायची. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा, सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भोगीची भाजी. आदल्या रात्री तीळ भाजून ठेवलेले असायचे, त्याचा खमंग वास अंथरुणापर्यंत यायचा. चिक्कीच्या गुळाचा पाक झाला की तो गरम असतानाच लाडू वळावे लागतात. मग आळीतल्या सगळ्या बायका एकमेकींच्या घरी हात लावायला जायच्या. तळहात भाजायचे, हसणं चालायचं, सासवांच्या नकला व्हायच्या. संध्याकाळी ठेवणीतली काळी चंद्रकळा नेसून आई निघायची आणि मी तिच्या मागे. एका घरातून दुसऱ्या घरात. सुगडं, ऊस, गव्हाच्या ओंब्या, वाणाची डबी. वर्षभर ज्या बाईला विहिरीपलीकडे कामाशिवाय जायला मोकळीक नव्हती, ती संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत उजळ माथ्यानं दहा घरं फिरायची. हळदीकुंकू हा बायकांना मिळालेला असा एकच परवाना होता. त्यातला आनंद खोटा होता असं मी म्हणणार नाही. मी तो डोळ्यांनी पाहिलाय.

पण त्याच आळीत आमच्या शेजारच्या काकू होत्या. लाडू वळायला त्या सगळ्यांच्या आधी हजर. पाक उतरवायचा क्षण त्यांच्याइतका कुणालाच कळायचा नाही, म्हणून 'काकू आल्याशिवाय पाक उतरवू नका' असं सगळ्या म्हणायच्या. संध्याकाळी मात्र त्या कुठेच दिसायच्या नाहीत. आई माझ्या हाती एक छोटा डबा देऊन म्हणायची, 'जा, काकूंना तिळगूळ देऊन ये.' मी द्यायचे. त्या माझ्या गालावरून हात फिरवायच्या आणि दाराआड जायच्या. दारावरची बत्तीही त्या दिवशी लवकर मालवलेली असायची. त्या का येत नाहीत, असं मी एकदा आईला विचारलं. आई म्हणाली, 'त्यांना बरं वाटत नाही.' दरवर्षी संक्रांतीलाच त्यांना बरं का वाटत नाही, हा प्रश्न मला पडायला आणखी काही वर्षं जावी लागली.

पुढे समाजकार्याचं शिक्षण घेतलं. वैधव्य ही घटना आहे आणि 'विधवापण' ही समाजानं रचलेली शिक्षा आहे, हे मी परीक्षेत उदाहरणांसह लिहिलं, चांगले गुणही मिळवले. उदाहरण अर्थात काकूंचंच होतं. शिबिरांत बोलताना हे उदाहरण मी इतक्यांदा दिलं की काकू माझ्या बोलण्यातलं एक वाक्य होऊन गेल्या. त्यानंतर दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात माझे वडील गेले.

त्यानंतरची पहिली संक्रांत मी विसरू शकत नाही. मी मुद्दाम रजा काढून गावी गेले होते. मनाशी ठरवलं होतं, की आपल्या घरात हे होऊ द्यायचं नाही. संध्याकाळी आळीतल्या बायका आल्या. त्याच सगळ्या, ज्यांच्यासोबत आईनं तीस-पस्तीस वर्षं लाडू वळले होते. अंगणात उभ्या राहिल्या आणि त्यांनी हाक मारली ती माझ्या वहिनीला. आईला कुणी काही वाईट बोललं नाही. उलट सगळ्यांचे डोळे ओले होते. आई आपणहूनच उठली आणि आतल्या खोलीत गेली. कुणी ढकललं नव्हतं. वाट तिला पाठ होती, कारण इतकी वर्षं तिनं ती दुसरीला दाखवली होती.

मी काय केलं? मी आत गेले, आईला हाताला धरून बाहेर आणलं आणि सगळ्यांच्या देखत तिच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं. वर दोन वाक्यं बोलले सुद्धा, शिबिरात बोलते तशी. अंगणात शांतता पसरली. एक-दोघी पुढे झाल्या, बाकीच्या चुळबुळत राहिल्या. आई काहीच बोलली नाही. पाच मिनिटांनी मी स्वयंपाकघरात गेले तर ती पदराच्या टोकानं कपाळ पुसत होती. मला बघून म्हणाली, 'तू जाशील उद्या पुण्याला. मला हितं ऱ्हायचंय.'

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. येताना एस.टी.त मी खिडकीशी बसून रडले. तोवर मला वाटत होतं की मी रूढीशी भांडले. खरं म्हणजे मी माझ्या आईला न विचारता तिच्या कपाळाची सभा भरवली होती. ज्यांनी तिचं कुंकू पुसलं त्यांनी तिला विचारलं नव्हतं आणि ज्या मी ते लावलं तिनंही विचारलं नव्हतं.

ही गोष्ट इथेच संपली असती तर मी ती लिहिली नसती. त्याच सुट्टीत आणखी एक गोष्ट घडली. वडिलांच्या नावावर थोडी जमीन होती. घरातले एक वडीलधारे नातेवाईक कागद घेऊन आले होते. 'दादाचं नाव लागू दे, तुम्हा मायलेकींना काय करायचंय शेतीचं? हक्कसोड करून टाका, माहेर अखंड राहील,' असं त्यांचं म्हणणं. बोलणं गोड, हातात तिळगूळ. मी कायद्याची कलमं आठवत होते. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानं विधवेला आणि मुलींना मुलाबरोबरीनं वारस मानलंय. महाराष्ट्रानं १९९४ साली आणि केंद्रानं २००५ साली मुलींना वडिलार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला, आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं तो आणखी स्पष्ट केला. हे सगळं मी बोलणार, तेवढ्यात आईच बोलली. चष्मा लावून तिनं कागद नीट वाचला, घडी घालून परत दिला आणि म्हणाली, 'सही व्हायची नाही. सातबाऱ्यावर तिघांची नावं लागतील.' एवढंच. आवाज चढवला नाही, कारण सांगितलं नाही. मग तलाठ्याकडे हेलपाटे मारून तिनं वारस नोंद करून घेतली. दादानंही, त्याचं कौतुक केलंच पाहिजे, आढेवेढे घेतले नाहीत.

कुंकवापाशी वाकलेली माझी आई सातबाऱ्यापाशी वाकली नाही. कुठे लढायचं हे तिनं ठरवलं होतं. मी तिची लढाई तिच्यासाठी परस्पर ठरवायला निघाले होते.

हे सगळं मनात घेऊन गेल्या महिन्यात आम्ही बैठकीला बसलो. विषय होता, आमच्या आधारगृहात यंदा संक्रांत करायची की नाही. वरवर पाहता किरकोळ विषय, पण बैठक अडीच तास चालली. तिथे मांडली गेलेली मतं तुमच्यापुढे ठेवते, कारण तुमच्याही गटात ही चर्चा कधी ना कधी होत असणार.

एका ज्येष्ठ कार्यकर्तीचं म्हणणं असं, की हळदीकुंकू हा सौभाग्याचा, म्हणजे नवरा जिवंत असण्याचा सोहळा आहे. तो कितीही सुधारला तरी त्याचा गाभा तोच राहणार. नवऱ्याच्या छळातून सुटून आलेल्या बायकांच्या घरात तो करणं ही स्वतःचीच थट्टा आहे. दुसरीचं म्हणणं, सण आपण सोडला म्हणून तो थांबत नाही. तो दुसऱ्यांच्या हाती जातो. आज वॉर्डावॉर्डात पुढारी मंडप घालून हळदीकुंकू करतात, पैठणीची सोडत काढतात, कुकर वाटतात आणि बायकांची यादी तयार करून घेतात. आपण तिथे नसतो. मग बायका जमतात कुणाकडे आणि कशासाठी, हा प्रश्न आपला नाही का? तिसरीनं मधला मार्ग सुचवला: हळदीकुंकू नको, तिळगूळ ठेवू.

आमच्या वस्ती पातळीवर काम करणारी एक कार्यकर्ती बराच वेळ गप्प होती. ती म्हणाली, 'तुम्ही सगळ्या विधवा-सवाष्ण यावर बोलताय. आमच्या वस्तीत वरच्या आळीतली एकही बाई कधी तिळगूळ घ्यायला आली नाही. माझी आई सवाष्णच होती. तिलाही कुणी बोलावलं नाही.' मग सांगितलं, की तिच्या घरी थंडीतला मोठा दिवस पंचवीस डिसेंबर असतो. १९२७ साली त्याच दिवशी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचं दहन झालं. दलित स्त्रियांच्या संघटनांनी १९९० च्या दशकापासून तो दिवस भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळायला घेतला. 'त्या दिवशी आमच्याकडे बाई विधवा आहे का विचारत नाहीत. गाणी होतात, भाषणं होतात, पोरं नाचतात. तुमच्यातल्या किती जणी आजवर आल्या?' आमच्यापैकी दोघींनीच हात वर केला. मी त्यात नव्हते. पंचवीस डिसेंबर माझ्या लेखी सुट्टीचा दिवस होता.

आणि शेवटी आधारगृहातली एक बाई बोलली. तिला आम्ही चहा घेऊन आली म्हणून बसवून घेतलं होतं. तिचा डावा हात अजून नीट उचलत नाही. ती म्हणाली, 'माझा नवरा जिता हाय म्हणून मला कुंकू लावायचं. ह्या मावशीचा नवरा चांगला होता, मेला, तर तिला न्हाई. हात त्यानं मोडला माझा. मग मी कसली भाग्याची?' कुणाकडेच उत्तर नव्हतं. मग तिनंच पुढे म्हटलं, 'पण ताई, लाडू करू या. पोरं इचारत्यात.'

आपल्याला वाटतं हे प्रश्न आपल्यासमोरच पहिल्यांदा आले. तसं नाही. १८५२ सालच्या संक्रांतीला सावित्रीबाई फुले यांनी महिला सेवा मंडळाच्या वतीनं पुण्यात तिळगूळ समारंभ केला होता. त्याचं वैशिष्ट्य हे, की कुठल्याही जातीची बाई असो, सगळ्या एकाच जाजमावर बसतील, बसण्यात भेदभाव होणार नाही, असं ठरवून बोलावणं होतं. म्हणजे पावणेदोनशे वर्षं होत आली. सावित्रीबाईंनी सण नाकारला नाही आणि आहे तसा स्वीकारलाही नाही. त्यांनी जाजम बदललं. याच फुले दांपत्यानं १८६३ मध्ये विधवांच्या बाळंतपणासाठी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढलं तेही विधवा मुलींच्या शिक्षणासाठी. या बायकांनी फक्त भाषणं केली नाहीत. बसायला जागा, राहायला घर आणि शिकायला शाळा दिली. जानेवारीच्या तीन तारखेला आपण सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घालतो. त्यानंतर अकरा दिवसांनी येणाऱ्या संक्रांतीला मात्र आपल्यापैकी कितीतरी जणींच्या घरी जाजम जुनंच असतं.

अलीकडची गोष्ट म्हणजे हेरवाड. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या या गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केली. पती गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं यांवर गावानंच बंदी घातली. त्याच महिन्यात राज्य शासनानं परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हे उदाहरण घालून दिलं. कोरोनाच्या काळात ऐन उमेदीत विधवा झालेल्या बायका गावोगाव दिसत होत्या, तेव्हा हा ठराव फार मोलाचा होता. माझं गाव तिथून फार लांब नाही. ठरावाचा कागद काय करू शकतो आणि काय नाही, हे मी आमच्याच अंगणात पाहिलंय. कागद बांगड्या फोडणाऱ्या हाताला अडवू शकतो. पण संध्याकाळी अंगणात उभ्या राहिलेल्या बाईनं कुणाच्या नावानं हाक मारावी, हे कागदाला ठरवता येत नाही. ती हाक बदलायला त्या बाईशी वर्षभर नातं ठेवावं लागतं. आम्ही कार्यकर्त्या ठरावाच्या दिवशी असतो, फोटोत असतो आणि संक्रांतीला आपापल्या गावी असतो.

आता थोडं आपल्याबद्दल. आपल्याकडे दुःखाला लगेच रागात बदलायची घाई असते. बाई रडायला लागली की आपण तिला कलम सांगतो. कलम सांगायलाच हवं, पण पाणीही द्यायला हवं. सणाच्या दिवसांत आधारगृहातल्या बायका एकत्र जेवतात, हसतात, फुगड्या घालतात आणि रात्री दिवे मालवले की हुंदके ऐकू येतात. ज्या घरातून जीव वाचवून पळाली, त्याच घराची आठवण तिला येते. पूर्वी मला वाटायचं, आपलं समुपदेशन कमी पडलं. आता वाटतं, हे दोन्ही खरं आहे. तिला तो माणूस नको आहे आणि तिला ते घर हवं आहे. सासूच्या हातची पोळी हवी आहे, अंगणातली तुळस हवी आहे. हे म्हणायला तिला जागा मिळाली नाही, तर ती ते आपल्यापासून लपवते. दोन वर्षांपूर्वी एक बाई दिवाळीला 'चार दिवस जाऊन येते' म्हणाली. मी नियम सांगितले, धोका समजावला, माझा सूर जरा कडकच होता. ती रजेचा अर्ज न देताच गेली. परत आली नाही, फोनही बंद. आम्ही दोनदा गावी जाऊन आलो, ती घर सोडून कुठेतरी कामाला गेली एवढंच कळलं. 'जायचं असेल तर जा, पण रोज संध्याकाळी एक फोन कर, आणि दार तुझ्यासाठी उघडं आहे' एवढं मी म्हटलं असतं तर? हा प्रश्न मला थंडीच्या दिवसांत हटकून छळतो.

आणि आपल्यातल्या एकट्या कार्यकर्त्या? ज्यांनी लग्न केलं नाही, ज्या घर सोडून आल्या, ज्यांचं माहेर चळवळीपायी तुटलं, त्यांचे सण कसे जातात हे आपण कधी विचारतो का? एका ज्येष्ठ ताईंना गेल्या नाताळात ताप आला होता. त्यांनी जन्मभर शेकडो बायकांना आधार दिला. तीन दिवस त्यांनी कुणाला कळवलं नाही. विचारल्यावर म्हणाल्या, 'सगळ्या सुट्टीवर, कशाला त्रास द्यायचा?' मोर्चात आपण 'हम सब एक हैं' म्हणतो. सुट्टीत आपण आपापल्या रक्ताच्या नात्यांकडे पांगतो, आणि ज्यांना ती नाती नाहीत त्या कुलूप लावलेल्या कार्यालयासारख्या मागे राहतात. भगिनीभाव हा शब्द आपण फार सहज वापरतो. त्याची परीक्षा सुट्टीच्या दिवशी होते.

म्हणून काही गोष्टी आम्ही यंदा ठरवल्या आहेत. त्या फार मोठ्या नाहीत. पटल्या तर तुमच्या गटात करून पाहा.

एक. सुट्टीतही केंद्राचा फोन बंद राहणार नाही. पाळ्या लावल्या आहेत, आणि सणाला घरी गेलेल्या प्रत्येक बाईला आठवड्यातून दोनदा आपणहून फोन करायचा आहे. तिच्याजवळ आमच्या नंबराबरोबर १८१ आणि ११२ हे क्रमांकही पाठ करून दिले आहेत. परत आली तर 'का गेलीस' असं कुणी विचारायचं नाही.

दोन. आधारगृहात संक्रांत होईल. लाडू सगळ्या मिळून वळतील. हळदीकुंकवाचं तबक नसेल. ज्या बाईला स्वतःच्या हातानं कुंकू लावावंसं वाटेल ती लावेल, जिला नको ती नाही. तिला कुणी लावायचंही नाही आणि पुसायचंही नाही. तिथे राहणाऱ्या मुस्लिम मैत्रिणीला लाडवांच्या पाकाचं अचूक तंत्र जमतं, त्यामुळे पाक तिच्याकडे दिला आहे.

तीन. वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे वाटायचे नाहीत. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांत वस्तीतल्या एकट्या बायकांच्या घरी दोघी-दोघींनी जायचं, तिळगूळ द्यायचा आणि सोबत बसून कागद बघायचे. वारस नोंद झाली का, रेशनकार्डावर नाव आहे का, निराधार योजनेचा अर्ज भरलाय का, घराच्या उताऱ्यावर कुणाचं नाव आहे. जिथे हक्कसोडीवर सही मागितली जात असेल तिथे 'सही करू नका' असा हुकूम सोडायचा नाही. कागदात काय लिहिलंय ते वाचून दाखवायचं. ठरवेल ती.

चार. पुढच्या पंचवीस डिसेंबरला आम्ही सगळ्या आमच्या त्या कार्यकर्तीच्या वस्तीत जाणार आहोत. पाहुण्या म्हणून मंचावर नाही, जाजमावर. यंदा ते जमवलं नाही याची लाज वाटते, ती इथे लिहून ठेवते.

आता शेवटचं, आणि मग तुमची रजा घेते. परवा आईचा फोन आला होता. म्हणाली, 'किंक्रांतीला ये.' किंक्रांतीला कुणी शुभकार्य काढत नाही, मग त्याच दिवशी का, असं मी विचारलं. तर म्हणाली, 'त्या दिवशी सगळ्या रिकाम्या असत्यात.' काकूंना आणि आळीतल्या आणखी दोघींना तिनं ओट्यावर बोलावलंय. काकू आता ऐंशीच्या घरात आहेत, पण पाक त्याच उतरवणार आहेत. हळदीकुंकू नाही, नुसता तिळगूळ. वहिनी येणार आहे. सवाष्णींपैकी आणखी एक-दोघी 'बघू' म्हणाल्यात. आईनं सतरंजी धुऊन वाळत घातली आहे.

हा विजय नाही. आळीतल्या बाकीच्या बायका आदल्या दिवशी तबक घेऊन फिरतीलच, आणि आईला हाक मारणार नाहीत. ते पाहून तिला वाईट वाटेल आणि मलाही. पण दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्या ओट्यावर, स्वतःच्या नावावर असलेल्या घरात, स्वतः बोलावलेल्या मैत्रिणींबरोबर बसलेली असेल. काकूंनी गेल्या कित्येक वर्षांत बाहेर बसून तिळगूळ खाल्ला नसेल. आईनं त्यांना काय सांगून तयार केलं ते मला माहीत नाही. मला तिनं बोलावलंय, पण एक अट घातली आहे. तिथे मी भाषण करायचं नाही.

मी कबूल केलं आहे. तुमच्या गावच्या, वस्तीच्या, गटाच्या थंडीतल्या सणांविषयी जरूर लिहा. आनंदाचं लिहा आणि जे आनंदाच्या मागे आतल्या खोलीत बसलेलं असतं तेही लिहा. पुढच्या अंकात ती पत्रं छापू.

तिळगूळ घ्या. गोड बोला असं मात्र म्हणणार नाही. खरं बोला, आणि ऐकून घ्या.

तुमची,
संपादक मंडळातली एक मैत्रीण